आप्पांची घोंगडी खाडीकाठी

खुटबाव सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझ्या बॅगेत घोंगडी कोंबली. काळी, नवीकोरी, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली. घरची मेंढरं विकण्याआधी कातरलेल्या शेवटच्या लोकरीची. ती मावावी म्हणून त्यांनी माझा स्वेटर बाहेर काढून ठेवला. "असलं काय घालतीस, वारं आरपार जातंय त्यातनं. ही पांघर," म्हणाले. मी बॅगेची चेन ओढून घेतली. बोलले असते तर रडले असते, आणि दादाच्या मित्राची गाडी दारात उभी होती.

इंग्लंडला येऊन बॅग उघडली तर खोलीभर मेंढरांचा वास सुटला. सोबत केरळची एक मुलगी राहायची. तिनं ना नाक मुरडलं, ना काही विचारलं. तरी मलाच कसंतरी झालं, आणि घोंगडी पिशवीत बांधून मी कपाटावर टाकून दिली. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर शेती म्हणायचे. मेंढरांचं नाव काढत नव्हते.

माझी ड्यूटी एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात असते. घरी मात्र 'हॉस्पिटल' सांगते, तेवढंच जरा बरं वाटतं. आठवड्यातून एकदा तिथल्या एका आजोबांना व्हीलचेअरवर बसवून खाडीकाठी न्यायचं. नदी समुद्राला मिळते तिथं सगळी सपाट वाट केलीय, पायरी म्हणून नाही. चिखलावरून लाकडी फळ्या, बाजूनं कठडा, थोड्या थोड्या अंतरावर बाक. ओहोटीला पाणी निघून जातं, होड्या चिखलात कलंडतात आणि लांब चोचीचे पक्षी तिथंच काहीबाही टिपत हिंडतात. आजोबा बघत बसतात. मी ढकलते, थांबते, त्यांचं नाक पुसते. काम काही अवघड नाही.

अवघड आहे ते कारेगावात. मी इकडं आल्यावर आप्पांना अर्धांगाचा झटका आला; आई तर आधीच वारलेली. दादा रांजणगावला कंपनीत, म्हणून त्यानं त्यांना आपल्या कारेगावच्या खोलीवर आणलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा चिंचोळा की दोघांनी उचललं तरी वळणावर अडकतं. दादाची शिफ्ट संपली की वहिनीची सुरू. मेंढरांमागं सगळा मुलूख पालथा घातलेला माणूस आता खिडकीतून कंपनीच्या बस बघत पडून असतो.

मध्यंतरी आजोबांना फिरवत होते तेव्हा दादाचा व्हिडिओ कॉल आला आणि मी सवयीनं उचलला. समोर आप्पा. त्यांना आधी पाणी दिसलं, मग खुर्ची, मग खुर्चीतला माणूस. मी मोबाईल वळवला, पण तोवर त्यांनी बघितलं होतं. आता म्हणतील, दुसऱ्याच्या बापाला फिरवतीस व्हय. म्हणायलाच पाहिजे होतं त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांची जीभ जड झालीय, शब्द सावकाश येतात. "त्येंचं पाय उघडं हायती," ते म्हणाले. "गार वारं आसंल तिथं. आपली घोंगडी हाय न्हवं? ती घाल त्येंच्यावर."

"व्हय आप्पा," म्हणाले मी.

पुढच्या खेपेला घोंगडी खाली काढली, झटकली आणि आजोबांच्या पायांवर पसरली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, कुठली म्हणून विचारलं. आमच्याच मेंढरांची लोकर आहे, माझे वडील मेंढपाळ होते, मी सांगितलं. इथं आल्यापासून पहिल्यांदाच. मग मीच दादाला फोन लावला आणि कॅमेरा घोंगडीवर धरला. आप्पा कितीतरी वेळ बघत राहिले.

"ऊब लागती का त्येंला, इचार."

विचारलं. आजोबांनी मान हलवली. आप्पांना बरं वाटलेलं दिसलं.

गाव कुठलं विचारलं तर मी अजून खुटबावच सांगते. पण घर म्हटलं की आता डोळ्यांपुढं तो कारेगावचा जिना येतो, आणि तो मी एकदाही चढलेले नाही. फोन ठेवता ठेवता दादाच्या हातातला मोबाईल कलला आणि आप्पांचे पाय दिसले. उघडेच होते.

"दादा, आरं आप्पांच्या पायावर काहीतरी घाल की," मी म्हणाले.

"तू ये की घालायला," दादा म्हणाला. रागानं नाही. त्याच्या बसची वेळ झाली होती.