दुसऱ्या बाजूची तुटलेली तार

वाद्य हातात आलं की मिरजेचे इब्राहीमचाचा ते आधी छेडत नसत. भोपळ्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून नुसते बसत. जन्मभर तंबोरे बनवलेल्या माणसाला ते शोभायचंही.

मी सांगलीच्या कॉलेजात शिकवतो आणि जुन्या रेकॉर्डी गोळा करतो. त्यातली एक माझी फार लाडकी. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या अमेरिकन पोरांचं ते गिटारचं संगीत, सर्फ रॉक. तेही अगदी सुरुवातीचं आणि म्हणे भर मैफलीत ध्वनिमुद्रित केलेलं. कव्हरवर गाणी बारा, आत अकरा. फोटोत वादक चार, नावं पाचांची! मोठ्या ऐटीत मी ती चाचांना ऐकवली.

पहिली बाजू संपल्यावर चाचा म्हणाले, "सर, ह्या टाळ्या उसन्या हायत."

"म्हणजे?"

"आवं, दर गाण्यामागं तीच बाई हसती. तशीच, त्याच जागी. मागनं चिकटवल्यात."

मी पुन्हा लावली. बाई होती! पंधरा वर्षं मिरवलेली रेकॉर्ड, आणि माझ्या कानांना पत्ता नाही. माझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या बाजूला मात्र चाचा ताठ बसले. तिथे चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटते. क्षणभर नुसता ड्रम उरतो, मग ते पोरगं राहिलेल्या तारांवर गाणं पुरं करतं. टाळ्या जरा उशिरानं, विस्कटून येतात.

"ह्या खऱ्या," चाचा म्हणाले. "लोकं आधी घाबरली, मग वाजवली. रेकॉर्ड टाकू नगा सर. गडी तार तुटल्यावर कळतो."

पुढे चाचांचे कानच गेले. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण उपयोग झाला नाही. तंबोऱ्याची घोडी घासून तार गुंजती करायची, त्याला जवारी लावणं म्हणतात. ते कानाचं काम. त्यांनी लावलेला एक तंबोरा गिऱ्हाइकानं परत आणला आणि मुलानं, रशीदनं, नाइलाजानं ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. चाचा दुकानाच्या पायरीवर बसू लागले.

मी कागदावर लिहून विचारलं, कसे आहात?

"हात हायत तसंच हायत," ते म्हणाले. "पर पोरगं कानस देत न्हाई. कामाबिगर कसा असणार मी?"

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी प्लेयर आणि ती रेकॉर्ड घेऊन गेलो. चाचांनी स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवला, डोळे मिटले. रशीद दारात उभा होता. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं सुरू झालं.

"तुटली," चाचा म्हणाले. अगदी त्याच क्षणी.

रशीद आत गेला, तंबोरा आणून बापाच्या मांडीवर ठेवला आणि हातात कानस दिली.

त्यानंतर जाईपर्यंत चाचांनी तळव्यानं जवारी लावली. एकही तंबोरा परत आला नाही.

रेकॉर्ड आता रशीदकडे असते. कुणी काम शिकायला आलं, की तो आधी त्याचे कान कापसानं बंद करतो आणि त्याचा तळवा स्पीकरवर ठेवतो.