पट्टीला न दिसलेली कावीळ

माझा मोठा भाऊ मेडशीत शाळेची व्हॅन चालवायचा. रोज सकाळी काचा पुसायच्या, पोरांना एकेक करून आत बसवायचं आणि दार दोनदा ओढून पाहायचं, ही त्याची सवय. सुपारीचंही व्यसन नव्हतं. वरातीत कुणी बाटली काढली की हा सरळ घरी निघून यायचा.

त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पायांवर सूज चढली, तेव्हा मी सासरहून, अनसिंगहून, माहेरी आले आणि त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. बी प्रकारची कावीळ असेल तर दुसरी रेघ उमटते, म्हणाले. ती उमटली नाही. सी प्रकारच्या पट्टीवरही नाही. सोनोग्राफीत मात्र यकृत आक्रसलेलं दिसलं. खोलीचं दार उघडं होतं, बाहेरचा बाक माणसांनी भरलेला होता.

"कावीळ बी नाही, सी नाही. मग लिव्हर सडलं कशानं? दारूनं. खरं सांगा, किती घेता?"

"साहेब, म्या कधी थेंब नाही घेतला."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर हसले.

बाकावर आमच्याच गावातला एक बाप बसला होता. त्याच्या दोन्ही पोरी भावाच्या व्हॅननं शाळेत जायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्यामागोमाग बाकीच्यांनीही पोरं काढून घेतली. दारुड्याच्या गाडीत लेकरू कोण बसवील? व्हॅन मारुतीच्या देवळासमोर धूळ खात उभी राहिली. एका दुपारी वहिनी गोठ्यात कुटाराचा, गुरांच्या भुशाचा, ढीग उपसताना दिसली. नवऱ्याने लपवलेली बाटली शोधत होती. भाऊ दारात उभा राहून ते बघत होता.

"बाई, तुले बी वाटते का मी पेत असन?" त्याने मला विचारलं.

मी नाही म्हणाले. त्याच क्षणी ठरवलं, या डॉक्टरला मी सोडणार नाही.

पोटातलं पाणी वाढलं तेव्हा त्याला नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला रिपोर्ट पाहिला, पण त्यावर थांबल्या नाहीत. रक्तात विषाणूचा डीएनए आहे का, याचीच तपासणी त्यांनी सांगितली. विषाणू भरपूर निघाला. कावीळ बी प्रकारचीच होती, बहुधा लहानपणापासून.

"मग पट्टीवर कशी नाही आली?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावरच्या कागदावर एक गोळा काढला. "विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. पट्टी तेवढंच ओळखते. विषाणू वाढताना त्याच्या जनुकांत बारीक बदल होत राहतात. तुमच्या भावाच्या विषाणूत नेमकं त्या प्रथिनाचं रूप बदललंय. तो रक्तात आहे, पण पट्टीला ओळखू येत नाही. यकृत खराब आणि कारण सापडत नाही, तर निगेटिव्ह पट्टीवर विश्वास ठेवून बसायचं नसतं."

वहिनीचं आणि भाचीचं रक्तही त्यांनी तसंच तपासून घेतलं. दोघी सुटल्या. भावाला रोजची गोळी सुरू झाली. हळूहळू पोट उतरलं, तो जेवू लागला. वहिनी त्याच्या पायांशी बसून रडली. मला रडू आलं नाही. मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहत होते.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या त्या दवाखान्यात बसायला जागा नसते. मी भावाला घेऊन गेले. तो म्हणत होता, "जाऊ दे ना बाई, कायले भांडण?" मी आत शिरले आणि दार सताड उघडं ठेवलं.

नागपूरचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पट्टी निगेटिव्ह होती. त्यात माझी काय चूक?"

"पट्टीची बी चूक नाही," मी म्हणाले. "तिले विषाणू दिसला नाही, तिनं तेवढंच सांगितलं. दारू कोनं पाह्यली, साहेब? पट्टीनं का तुमी?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

"मले नोका सांगू. त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोलले, तेवढ्याच मोठ्यानं लोकांले सांगा."

ते उठले, दारात गेले आणि म्हणाले, "यांना दारूनं काही झालेलं नाही. मी चुकीचं बोललो." मी त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं, कारण मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू आलं नव्हतं. भावाने खाली मान घातली होती. मला मात्र उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं वाटलं.

पोरं परत व्हॅनमध्ये येऊ लागली. त्या दोन पोरींचा बापही आला, हात जोडून. मी भावाला म्हटलं, याच्या पोरी घेऊ नको. भाऊ म्हणाला, "पोरींनं काय केलं?" आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेला. त्यावरून आम्ही दोघं बरेच दिवस बोललो नाही.

तो डॉक्टर आता असे रोगी आले की पट्टीवर न थांबता रक्त पुढे पाठवतो, असं वहिनी सांगते. कुणाचा तरी जीव वाचत असेल. मला त्याचं बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. माहेरी गेले की त्या दोन पोरींची आई अजून मला चहाला बोलावते. मी तिच्या दारावरून सरळ पुढे निघून जाते.