पॅरिस पाडलं आणि सुपारी फुटली

पारनेर तालुक्यातल्या एका ओसरीवर बसून मी जर्मनीला पहिलं महायुद्ध जिंकून दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली.

एकाहत्तर साल असेल. मी श्रीरामपूरला शाळेत इतिहास शिकवायचो. आईला घेऊन एसटीनं मुलगी पाहायला गेलो होतो. ही सहावी. आधीच्या पाचही ठिकाणांहून "पोरगा चांगला हाय, पन लई बोलतो" असा निरोप आला होता. म्हणून फाट्यावर उतरतानाच आईनं बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. इथं नाही जमलं तर मी पुन्हा तुझ्याबरोबर येणार नाही!"

मी गप्पच बसणार होतो. (खरंच!) पण ओसरीच्या भिंतीवर लष्करी वेषातले दोन फोटो होते. मुलीचे वडील पानाचं तबक ठेवत होते, तेवढ्यात तिच्या आजोबांनी बोट दाखवलं. "ह्यो मी. आन ह्यो माजा थोरला भाऊ, रामा. दोघं बोटीनं तिकडं इराकात, बसऱ्याच्या लढाईला गेल्तो. मी आलो. त्यो न्हाई आला."

यावर शहाण्या माणसानं दोन मिनिटं हळहळावं आणि चहा प्यावा. मी म्हणालो, "आजोबा, ते युद्ध जर्मनीनं जिंकलं असतं तर?"

आईनं मला सणसणीत चिमटा काढला.

"तर काय झालं असतं?" आजोबा पुढं सरकले.

झालं! मी तबक ओढलं. चुन्याची डबी म्हणजे लंडन, काताचा खडा बर्लिन, आणि मधली सुपारी पॅरिस. "हे पॅरिस पहिल्याच महिन्यात पडलं, की खेळ खलास! दुसरं महायुद्ध नाहीच. मधली वीस-पंचवीस वर्षं जग सुखानं झोपलं असतं, इंग्रज कधीच बोटीत बसला असता. फार तर आपली पोरं इंग्रजीऐवजी जर्मनमध्ये नापास झाली असती!"

"आन आमची बोट?" आजोबांनी हळूच विचारलं. "बसऱ्याची?"

पंचावन्न वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नसावं. त्या क्षणी मला त्यांच्या रामाला घरी आणावंसं वाटलं, अगदी मनापासून. "बोट सुटलीच नसती, आजोबा! हे पॅरिस पडलं, लढाई संपली आणि रामभाऊ घरीच!" असं म्हणत मी पॅरिस अडकित्त्यात धरलं आणि... कट्ट!

सगळे माझ्याकडं बघतच राहिले. आमच्याकडे दोन्ही बाजूंची पसंती झाली की वडीलधारी मंडळी सुपारी फोडतात. सुपारी फुटली की लग्न ठरलं. इथं नवऱ्या मुलानं स्वतःच फोडली होती, आणि तीही मुलीचं तोंड न पाहता!

"अरे मेल्या!" आईनं कपाळावर हात मारला.

"सुपारी फोडली की वो ह्यांनी!" मुलीचे वडील ताडकन उठले. "आमाला इचारलं का?"

"मी... पॅरिस फोडलं," मी म्हणालो. (हे वाक्य आठवलं की मी आजही अंग चोरतो.)

आजोबांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते फोटोकडं पाहत डोळे पुसत होते. "रामा घरी..." एवढंच पुटपुटत होते.

तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन मुलगी बाहेर आली. सुमन तिचं नाव. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. बशा ठेवून ती आजोबांजवळ बसली. "आजा, रामाआजा घरी आला असता तर आजी त्याचीच बायको ऱ्हायली असती. त्यो गेला म्हनून तर तिचा तुज्याशी पाट लागला." मग माझ्याकडं वळली. "म्हंजी माजं वडील न्हाईत, मी बी न्हाई. मंग तुमी कुनाला बघाया आलाय?"

अख्ख्या युरोपचा इतिहास पाठ असलेला मी, तबकातल्या लंडन-बर्लिनच्या जागा बदलू लागलो.

आजोबांनी फोटोवरची नजर काढली. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. भावाची लई याद येती. पन मला ही पायजे."

"नाही नाही, जर्मनी हरली! साफ हरली!" मी घाईघाईनं सुपारीच्या दोन्ही फोडी एकमेकींना चिकटवू लागलो. "हे बघा, पॅरिस शाबूत!"

सुमन खुदकन हसली. "पॅरिस जोडा हवं तर. सुपारी फुटली ती फुटू द्या."

आजोबा हसले, तिचे वडील हळूच खाली बसले, आईनं तर हातच जोडले. होकार ओसरीवरच्या प्रत्येकाला कळला होता. मी एकटाच, आईनं कोपरानं ढोसेपर्यंत, घाम पुसत त्या दोन फोडी जोडत बसलो होतो!