सासूबाईंची पाठ

सासूबाईंना लकवा मारला त्याला नऊ वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डावा हात तेवढा चालतो. तेव्हापासून त्या पलंगावर आणि मी पलंगापाशी.

आमचं घर रुळाला लागून आहे. घड्याळ बघायची मला सवय नाही. गोंदियाची गाडी गेली की त्यांना डाव्या कुशीवर वळवायचं, वडशाची गेली की उजव्या. मधे मालगाडी आली तर पाठीवर. कंबरेखाली, टाचांखाली, कोपराखाली जुन्या लुगड्याच्या लहान उश्या, आणि उश्यांत धानाचा कोंडा. पहिल्याच महिन्यात कापसाच्या गादीवर त्यांची पाठ लाल झाली होती. तेव्हा घाबरून हे सुचलं. कोंडा तापत नाही. फक्त तो चाळून, वाळवून घ्यावा लागतो, नाहीतर टोचतो.

यंदा त्यांच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. पुन्हा तपासणी आली. अपंगत्वाचे टक्के कमी लागले तर सरकारकडून महिन्याला मिळणारा निराधारचा पगार बंद होणार होता, आणि त्यांची औषधं त्याच पगारातून येतात.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी त्यांना न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावून वेणी घातली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवलं. साहेबांसमोर जायचं म्हणजे माणसाने नीटच जावं, एवढंच माझ्या मनात. शेजारची काकी दारातून बघत होती.

"अवो, बुढीले लगनाले घेऊन चालली का? येवढी कायले नटवून राहिली? मळक्या लुगड्यात ने. डॉक्टरले दया तरी येईल."

मळक्या लुगड्यात त्यांना मी घरातही ठेवलं नव्हतं, मग चारचौघांत कशी नेऊ?

दवाखान्यात काकीचंच खरं झालं. तरुण डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "अम्मा तो एकदम फ्रेश दिख रही हैं. इतना परसेंट नहीं बनेगा." माझे मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, ते उठत नाही जी." डॉक्टर कागदच बघत होते. माझ्याच हाताने मी त्यांची औषधं घालवली, असं वाटलं. ती वेणी तिथंच सोडून टाकावी, असंही मनात आलं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्या उठून आल्या. "किती वर्षं पडून आहेत?"

"नऊ," मालक म्हणाले.

"नऊ? आत घ्या. पाठ पाहू द्या."

पडद्यामागे सासूबाईंना आडवं केलं. बाईंनी पाठ पाहिली, कंबरेची हाडं पाहिली, टाचा उचलून पाहिल्या. पुन्हा पाठीवरून बोटं फिरवली. मला वाटलं, काही चुकलं. मग त्यांनी तरुण डॉक्टरांना आणि दोन नर्सबाईंना बोलावलं. "हे पाहा. पडून पडून होते तशी एक जखम नाही. एक डागसुद्धा नाही. ही फ्रेश दिसते ना, ते का दिसते ते इथं पाहा." सगळे वाकून बघत होते. देवळात गाभाऱ्यापाशी आवाज खाली येतो, तसा सगळ्यांचा आवाज खाली आला होता.

"यांचं कोण करतं?"

"घरचेच करतो जी," मालक म्हणाले.

मी पडद्याच्या कडेला उभी होते. सासूबाईंचा डावा हात हलला. त्यांनी माझा पदर धरला आणि ओढला.

"तू करतेस? काय काय करतेस?"

"काही नाही जी. घरीच राहते."

"किती वेळाने वळवतेस?"

"गाडी गेली की," मी म्हटलं. मालकांनी समजावून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. खुर्चीत पाठीमागे ठेवलेली कोंड्याची उशी मागून घेतली, दाबून पाहिली, नर्सबाईंच्या हातात दिली.

मग त्यांनी सासूबाईंचा उजवा हात-पाय उचलून, सोडून पाहिला आणि टक्के पूर्ण लागले. कागद भरून झाल्यावर बाई पेन धरून थांबल्या. "यात सांभाळणाऱ्यासाठी रकानाच नाही. सरकारने ठेवायला पाहिजे. पगारही द्यायला पाहिजे, शिकवायलाही पाहिजे. मी वर लिहीन, होईल तेव्हा होईल." मग त्यांनी दवाखान्यात राहणाऱ्या कागदाच्या बाजूच्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'सून, नऊ वर्षं'. मी चौथी शिकलेली, पण तेवढं वाचता आलं. दवाखान्याच्या कागदावर माझं नाव याआधी फक्त बाळंतपणात आलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "असे पडून असलेले फार आहेत. त्यांच्या बायका-सुना महिन्यातून एकदा इथं येतात. त्यांना या उश्या करून दाखवशील?" मी नर्सबाईंकडून उशी परत घेतली आणि पिशवीत घातली.

घरी पोचलो तेवढ्यात वडशाची गाडी गेली. मी सासूबाईंना उजव्या कुशीवर वळवलं आणि लुगडं सारून त्यांची पाठ पाहिली. नऊ वर्षं ही पाठ मी रोज पुसली, पण अशी पाहिली नव्हती. सुरकुतलेली, साईसारखी मऊ, कुठं ओरखडा नाही. ही माझ्या हातची, हे मला खरं वाटेना. मी बराच वेळ हात ठेवून बसले.

बाईंना मी अजून हो कळवलेलं नाही. चार बायकांसमोर मी कधी बोललेले नाही. पण काल मी गिरणीतून पोतंभर कोंडा आणला, चाळून अंगणात वाळत घातला आहे. घरच्या उश्यांना एवढा लागत नाही.