चाकणचे बिनपगारी किल्लेदार

किल्ल्याचा दगड मागायला आलेल्या माणसाच्या हातात आमचे किल्लेदार आधी कोयता देत. "तटात पिंपळ फुटलाय. मुळासकट काढ. मंग बघू दगडाचं." चाकणच्या भुईकोटावर या म्हाताऱ्याला कुणी नेमलं नव्हतं. गावाने थट्टेने नाव ठेवलं, त्यांनी ते हुद्द्यासारखं वापरलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. खिशात पत्रकं, डोक्यात राग. इंग्रज गेले, स्वराज्य आलं आणि आपले किल्ले दगडादगडाने लुटले जातायत, असं गावोगाव बोंबलत हिंडायचो. आपल्याच चाकणला परतलो तर एक बाई खंदकातला चिरा बैलगाडीत चढवतेय, आणि किल्लेदार खालून टेकू देतायत!

"तुम्ही राखण करता की चोरी?" मी ओरडलो.

"पडल्यालाच देतो. उभ्याला हात लावू देत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "गोठ्याच्या उंबऱ्याला बसला तरी दगड चाकणातच ऱ्हातो न्हवं?"

बोलणं खरं होतं. तेच झोंबलं. मी पत्रक काढलं, 'किल्ला विकणारा किल्लेदार!' त्यांनी कधी एक पैसा घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण 'वाटणारा' लिहिलं की पत्रकाला जोर येईना. बुरुजावरच खळीने चिकटवलं.

गावात कुजबुज झाली. किल्लेदारांनी कोयता खुंटीला अडकवला, तो अडकवलाच.

दोन महिन्यांत सडकेचा एक ठेकेदार पहारी घेऊन आला आणि उभा तट खडीसाठी फोडू लागला. कुणी अडवेना. अडवायचं काम किल्लेदारांचं, ही सगळ्यांची सवय. मी त्यांच्या घरी धावलो.

"चला लवकर, तुमचं ऐकतील!"

"माजं? चोराचं?" ते हसले. "तूच जा की राव. कागद दाव त्यांला."

दाखवला. मजुरांनी त्यावर भाकरी ठेवून खाल्ली.

अर्धा तट गेला. त्याच हिवाळ्यात किल्लेदारही गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी खुंटीवरचा कोयता काढून माझ्या हातात दिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

आता रविवारी मी उरलेल्या बुरुजावरचे पिंपळ काढतो. परवा एक शेतकरी आला. "जात्याखाली एक चिरा पायजे व्हता, भाऊ. नेऊ का?"

मी भडकून तोंड उघडलं, आणि म्हणालो, "आधी हा कोयता धरा."

तो कोयता घेऊन वर चढला. मी खाली उभा. पत्रक काढायचं तर आता कुणाविरुद्ध, काही कळत नाही.