वेणूच्या श्वासाभोवतीचं कडं

त्या वर्षी मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. रागाने नव्हे, लाजेने. माझी वेणू तेव्हा दहा महिन्यांची होती. जन्मल्यापासून तिचा श्वास आवाज करीत असे, ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा. नागपूरला लागून असलेल्या वाडीला आमची भाड्याची एक खोली होती आणि नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता. रस्त्याने दिवसभर ट्रक जात, पण त्या गोंगाटातही मला तो आवाज वेगळा ऐकू येई. कोणी दमा म्हटलं, कोणी डब्बा, म्हणजे लहान मुलांची छाती भरण्याचा रोग, म्हटलं. औषधं झाली, शेक झाला. शेवटी कुहीकडच्या आमच्या गावी सासऱ्यांनी एका जाणत्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने विळा तापवला आणि वेणूच्या छातीखाली तीन चटके दिले. तिचे पाय मी धरले होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती; मला वाटलं, याने तरी बरं वाटेल. आवाज तसाच राहिला. त्यानंतर मी गावाजवळच्या आंभोऱ्याच्या महादेवाला गेले नाही. तो सगळं पाहतो असं लहानपणापासून ऐकलं होतं. मग त्याने माझे हातही पाहिलेच असतील.

पावसाळा संपता संपता आम्ही नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून दुसऱ्या खेपेला मी एकटीच होते. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, पारशिवनीकडची, गिरजाबाई नावाची. तिचा सहा वर्षांचा सुधाकर तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. त्याचे ओठ आणि नखं जांभळी होती. चार पावलं चालला की तो असाच बसायचा, मग त्याला बरं वाटायचं. त्याच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद होती. त्याचं ऑपरेशन तेव्हा नागपुरात होत नव्हतं. दूरच्या एका दवाखान्याला इथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं आणि गिरजाबाई त्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत होती.

नंबराला वेळ होता म्हणून मी दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा वेणूला भरवला. तिने नेहमीसारखी मान मागे टाकली, डोळे पांढरे केले. श्वास थांबला आणि मग करकरत परत आला. गिरजाबाई बघत होती. तिने हळूच विचारलं, "खातानीच असं होते का वं? अन् मान मागं टाकली का मोकळं होते?" मी हो म्हटलं. हे डॉक्टरला सांगितलं का, असं तिने विचारलं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची माझी हिंमत नव्हती.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आधीचीच औषधं लिहायला घेतली. तेवढ्यात गिरजाबाई सुधाकरला कडेवर घेऊन माझ्या मागून आत आली. शिपाई तिला अडवत होता. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, या पोरीले तुमच्यापुढं एक घास खाऊ द्या. मग काय लिहायचं ते लिहा." डॉक्टर चिडले, पण थांबले. मी घास भरवला. त्यांनी वेणूची मान मागे जाताना पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

दोन दिवसांनी वेणूला खडूसारखं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आम्हा दोघांना समजावलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका बाजूने वळते. वेणूची मात्र माझ्या पोटात असतानाच दोन फाट्यांत वाढली होती. त्या दोन फाट्यांचं कडं श्वासनळी आणि अन्ननळीभोवती बसलं होतं. घास उतरला की दोन्ही नळ्या त्यात आवळल्या जात. डावीकडून छाती उघडून त्यातला बारीक फाटा बांधायचा आणि कापायचा. असा रोगी मी आजवर एकच पाहिला आहे, असं ते म्हणाले. तो वाचला का, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनी वेणूच्या चटक्यांवरून बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी नवरा रक्त द्यायला गेला होता. मी दाराबाहेर बसले होते. गिरजाबाई वरच्या वॉर्डातून खाली आली. सुधाकरला ताप आल्याने त्याला तिथे भरती केलं होतं. मी तिला म्हटलं की मला देवाकडे काही मागता येत नाही, माझं तोंडच नाही. चटक्यांचंही सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मी बी काही मागत नाही आता. मागून मागून थकली. त्याले फक्त म्हणतो, तू इथं बसून राह्य." एवढं बोलून ती मुलाकडे गेली. मी डोळे मिटले आणि कित्येक महिन्यांनी मनातल्या मनात देवाशी बोलले.  त्या बाकावर मी एकटी आहे असं पुन्हा वाटलं नाही.

वेणू वाचली. आवाज लगेच गेला नाही; दबलेली नळी सावरायला महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आठवड्याने तिने भिजवलेली भाकर मान सरळ ठेवून गिळली. मी गिरजाबाईला ते सांगायला वर धावले. खाट रिकामी होती. वॉर्डातल्या आयाने सांगितलं, सुधाकर आमच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच गेला. पत्राचं उत्तर आलंच नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. माझी झोळी भरणारीचीच झोळी रिकामी का, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही आणि आजही सुटलेलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही गिरजाबाईचं गाव शोधत पारशिवनीकडे गेलो. जिवंत लेक घेऊन त्या दारात उभं राहताना पाय उचलत नव्हता. मी विचारलंच, माझा राग येत नाही का? ती म्हणाली, "राग कोणावर करू वं? या पोरीवर?" तिने वेणूला मांडीवर घेतलं, तिच्या छातीच्या डावीकडचा ऑपरेशनचा लांब व्रण पाहिला आणि पदराने झाकला. सुधाकरचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

एस.टी. गाठायला निघालो तेव्हा वेणू गिरजाबाईच्याच कडेवर होती. सबंध वाट तिने पोरीला खाली ठेवलं नाही. आम्ही गाडीत बसलो आणि ती सुरू झाली तशी गिरजाबाईने लेकीला खिडकीतून माझ्याकडे दिलं. मी हात पुढे केले. हेच हात मी वर्षभर देवापासून लपवत होते. त्या क्षणी मला कळलं की माझी वस्तू मला परत मिळत नाहीये. सांभाळायला म्हणून कोणीतरी ती माझ्या हाती देत आहे, आणि देणाऱ्याला माझ्या हातांनी काय केलं ते ठाऊक आहे. गाडी वळेपर्यंत गिरजाबाई रस्त्यात उभी होती. मी तिला नमस्कार केला, आणि तो तिच्याही पलीकडे पोचला असेल असं मला वाटलं.