घरी सांगायचा आकडा

आमच्या कंपनीत नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पगारमॅडम पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायच्या, "घरी पगार किती सांगितलास?" बँकेचा फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फोटो हे सगळं नंतर. समोरच्याने खरा आकडा सांगून टाकला आहे असं कळलं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. गेला तो पगार."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली आमची कंपनी औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायची. तिथे दीडशे माणसांचा पगार काढायचं काम या बाईंकडे होतं. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण साहेबांपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे त्यांना पगारमॅडमच म्हणायचे. कुणाला किती मिळतं हे त्यांना पाठ होतं आणि त्यातला एक रुपयाही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. त्या डोंबिवलीहून यायच्या. डब्यात रोज दोन पोळ्या आणि एकच भाजी. वर्षाला दोन साड्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

मी देवरुखची. वडील तिथल्या हायस्कुलात शिपाई. घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी. कॉम.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला स्वतः नेऊन पेढा दिला होता. कळव्याला चार मुलींबरोबर एका खोलीत राहायची सोय झाली आणि मला अठरा हजारांची नोकरी लागली. घरच्यांच्या अपेक्षा कुणी बोलून दाखवल्या नव्हत्या, पण त्या मला ठाऊक होत्या. धाकट्या भावाचा डिप्लोमा, स्वयंपाकघरावरचे गळके पत्रे, आणि वाडीत कुणाचंही लग्न निघालं की आता आमच्या घरून जरा बरा आहेर. मुलगी ठाण्याला नोकरीला आहे ना!

मॅडमनी तोच प्रश्न मला विचारला. मी म्हटलं, "अजून नाही सांगितला. आज संध्याकाळी फोन करणार आहे."

त्यांचा चेहरा उजळला. "शहाणी आहेस. मग चौदा सांग."

"पण मॅडम, अठरा आहे."

"मला माहीत आहे, मीच टाइप केलाय. चार हजार तुझे. ते तुला मिळतच नाहीत असं समज. सांगितलेला आकडा घराचा होतो, मनीषा. न सांगितलेला तेवढा आपला राहतो."

त्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून एसआयपीचा, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाकायचा, फॉर्म भरून घेतला. तारीख दोन. पगार एक तारखेला, म्हणून दोनला पैसे कापले गेले पाहिजेत. "तीनला घरून फोन येतो," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी तुझं खातं हलकं झालेलं असलं पाहिजे. म्हणजे नाहीत म्हणताना जीभ अडखळत नाही."

मला ते आवडलं नव्हतं. बाबांशी मी तोवर कधी खोटं बोलले नव्हते. पण माझ्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी ठाण्यात नव्हतं. ही बाई माझ्या म्हातारपणाचा विचार करत होती, आणि मी तेव्हा बावीस वर्षांची होते. संध्याकाळी मी फोनवर चौदा सांगितलं. पलीकडून बाबा म्हणाले, "चौदा हजार! अगो, मला रिटायर होताना तरी मिळतील का?"

मॅडमचा हा हट्ट कुठून आला होता, ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागल्या. तेव्हा पगार पाकिटातून मिळायचा. घरची शिस्त अशी की पाकीट न फोडता देवापुढे ठेवायचं. वडील ते फोडायचे आणि त्यातून मॅडमना लोकलच्या पासापुरते पैसे द्यायचे. त्यांच्या वडलांची एक पद्धत होती. दर एप्रिलमध्ये ते ऑफिसात यायचे, साहेबांना नमस्कार करायचे आणि मुलीला यंदा वाढ किती मिळाली ते विचारून जायचे. दोन्ही भाऊ शिकले, दोघांचे फ्लॅट झाले. मॅडमसाठी स्थळं यायची, तेव्हा घरात नेमकं कुणाला तरी काहीतरी व्हायचं. "वाईट नव्हते हो वडील," त्या म्हणायच्या. "फक्त त्यांनी मला कधी विचारलं नाही, तुला काय हवंय म्हणून."

स्वतःच्या नावावर त्यांनी पहिले पाचशे रुपये टाकले ते एकोणचाळिसाव्या वर्षी. वीस वर्षं आधी सुरू केलं असतं तर आज किती झाले असते, हा हिशोब त्या अधूनमधून कॅल्क्युलेटरवर करायच्या. उत्तर आलं की कुणी बघायच्या आत ते पुसून टाकायच्या.

एसआयपी थांबवणाऱ्याला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. डिस्पॅचमधल्या राकेशने नव्या मोबाइलसाठी ती बंद केली, तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांसमोर धरलं.

"मॅडम, दोनच महिने थांबवलेलं ना! टेन्शन नका घेऊ."

"मग जेवणही दोनच महिने थांबव. त्याचंही टेन्शन घेऊ नकोस."

राकेश हसला, आम्हीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. तो पुन्हा सुरू करेपर्यंत त्या त्याच्याशी फक्त रजेच्या अर्जापुरतं बोलल्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला भेटायला ठाण्याला आले. मुलगी बसते ती जागा त्यांना बघायची होती. ऑफिसच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. मी नको नको म्हणत होते तरी काढल्या. मॅडमच्या टेबलावर आमसुलांची पिशवी ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. इकडचं तिकडचं झालं. मग गळ्यातला रुमाल काढून हातात घेत ते म्हणाले, "बाई, एक विचारू का? रागावू नका. पोरगीला पगार किती मिळतो हो?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. त्या मला विचारत होत्या. मी खाली मान घालून स्टेपलरच्या पिना नीट करत बसले.

"चौदा," मॅडम म्हणाल्या. "त्यातही कापून जातो काही."

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे बरोबर सांगते ती. मला वाटलं, मिळतो कमी आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून जास्त सांगते. पाच हजार पाठवते बाई ती. उपाशी राहून पाठवते की काय, म्हणून विचारलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चारच पाठवत जा. आमचं भागतं."

बाबा गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "बोलायची पद्धत असते एकेकाची. आकडा काढायलाच येतात सगळे." मला त्यांना सांगायचं होतं की माझे बाबा तसे नाहीत. पण तसं म्हटलं असतं तर पुढे खरंही सांगावं लागलं असतं. मी आमसुलांची पिशवी त्यांच्या खुर्चीला अडकवली आणि कामाला लागले.

पगार वाढत गेला. घरचा आकडाही मी थोडा थोडा वाढवला, पण खऱ्याच्या नेहमी मागे ठेवला. दर वाढीला एसआयपी वाढली. सुरुवातीला तीन तारखेला बाबांचा फोन यायचा. पैसे पोचले म्हणून सांगायचे आणि मग दहा मिनिटं शाळेच्या गोष्टी. तिसऱ्या वर्षी हे फोन तुटक होऊ लागले. पुढे आईच बोलायची. बाबांना दे म्हटलं की ते "हो, हो, बरं बरं" म्हणून फोन परत तिच्याकडे द्यायचे. बाबांनी जास्त पैसे मागितले तर, या विचाराने पूर्वी मला फोन घेताना थोडं दडपण यायचं, ते गेलं. मी मॅडमना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "बघ. सवय लागते घरच्यांना. आपण लावायची असते."

गणपतीला घरी जायचे तेव्हा बाबा हसायचे, मान डोलवायचे. आरत्या, पाहुणे, मोदक यांत दोन दिवस संपायचे. माझ्या काही लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मी लक्ष दिलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या, त्यांची खुर्ची मला मिळाली. सातव्या वर्षी मी कळव्यात एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं घर घेतलं. सुरुवातीला भरायची सगळी रक्कम दर महिन्याच्या दोन तारखेला कापल्या गेलेल्या पैशांतून उभी राहिली होती. मॅडमचं म्हणणं आकड्यांत अगदी बरोबर निघालं. वास्तुशांतीला आई-बाबा आले. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "एवढ्याशा पगारात पोरीने ठाण्यात घर केलं." त्यांचा आवाज फार मोठा झाला होता. मला वाटलं, आनंदाने.

दुपारी ते दाराशेजारी खुर्चीवर बसले होते. बरोबर डोक्यावर नवीन बेल. ती वाजली, पुन्हा वाजली, मग बाहेरच्याने बटण दाबूनच धरलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसून होते.

मी स्वयंपाकघरात गेले. आईने पदराने तोंड पुसलं. "त्यांना ऐकू येत नाय गो. चार वर्षं झाली. डॉक्टरनी मशीन सांगितलं, ते पस्तीस हजारांना. मी म्हटलं मनीला सांगूया. तर माझ्यावर ओरडले. म्हणाले, तिचं तिथे तेवढ्यात भागत नाय. बाईंनी स्वतः सांगितलंय मला, कापून जाऊन काय उरतं ते."

त्या वेळी माझ्या नावावर किती पैसे होते ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. मशीनने आवाज मोठा होईल, म्हणाले, पण इतकी वर्षं न ऐकल्याने शब्द ओळखायची सवय गेली आहे, ती फारशी परत येणार नाही. "यात लवकर सुरुवात करायची असते. तीन-चार वर्षं आधी आणलं असतंत तर वेगळं झालं असतं."

त्यांनी सांगितलं तसंच झालं. दोन्ही कानांना चांगली, महागडी मशीन लावली. बाबा दचकून इकडेतिकडे बघू लागले. मी हाक मारली की वळतात. पुढे मी काय बोलते ते कळत नाही. "आवाज येतो," ते म्हणतात, "शब्द येत नाय."

मी मॅडमना फोन केला. नमस्कारही न करता म्हटलं, "तुम्ही त्यांना चौदा सांगितलं होतंत." आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी त्यांना विचारलं, तुम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं नाही का हो, हा माणूस कशाला आलाय ते? त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे बघितलं होतं मी, मनीषा." आणि मग, "त्यांना घेऊन ये इकडे."

डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती, त्यांच्या स्वतःच्या पैशांची. भिंतीशी एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत तुळस. बाबा त्यांना बघून उभेच राहिले आणि हात जोडून, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचे उपकार! थोडक्या पगारात कसं राहायचं, ते तुम्ही शिकवलंत पोरीला. नाहीतर घर झालं नसतं हो तिचं."

मॅडमनी त्यांना बसवलं. स्वतः समोरच्या खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागल्या. तुमच्या मुलीला अठरा मिळत होते. मी खोटं सांगितलं. मला वाटलं तुम्ही आकडा काढायला आला आहात. माझे वडील यायचे तसे. तुम्ही कशाला विचारताय ते मला समजायला हवं होतं. एक एक वाक्य सावकाश, स्पष्ट, वर्गात सांगावं तसं. बोलता बोलता त्या खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या होत्या.

बाबा त्यांच्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होते. प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "हो, हो," ते म्हणाले. "तुमचीच कृपा."

मॅडम थांबल्या. माझ्याकडे वळल्या. "लिहून दाखव त्यांना. कागद आहे तिथे, पेन दे तुझं."

माझ्या पर्समध्ये दोन पेनं होती. दिवसभर पगाराचं काम करणाऱ्या बाईकडे पेन नसतं का? मी पर्समध्ये हात घातला, थोडा वेळ आत चाचपलं, आणि म्हटलं, "पेन नाहीये, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पेन शोधायला त्या उठल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

जिना उतरताना बाबांनी एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्याने मला. पहिल्या मजल्यावर दम घ्यायला थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "काय सांगत होत्या गो बाई एवढ्या तळमळीने?"

मी हात हलवून, काही नाही, अशी खूण केली. ती मात्र त्यांना लगेच कळली.